दोन खोल्या माधुरीला, काठी नवसूला

मी, सकुबाई हरी देसले, वय सदुसष्ट, विधवा, राहणार करंजवाडी, धसईजवळ, ता. मुरबाड, जि. ठाणे, हे माझे शेवटचे म्हणणे लिहून ठेवते. डॉक्टरांनी काळीज कमजोर झाल्याचे सांगितले आहे, डोके नव्हे. मला मूलबाळ नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करणार नाही.

१. घर. रस्त्याकडेच्या दोन खोल्या मी आश्रमशाळेत भाकऱ्या भाजून बांधल्या. त्या पत्र्यांसह, पडवीसह माधुरी किशोर आगिवले हिला देते. उंबरमाळीकडची ही पोर. तिच्या नवऱ्याचे कारखान्यातले कंत्राट संपले, भाड्याची खोली गेली. दोघे धसईच्या देवळाच्या मंडपात झोपतात आणि पुजारी यायच्या आत अंथरूण गुंडाळून मंडप झाडून ठेवतात. ती माझ्या नात्यातली नाही. नात्यातल्यांचा मला अनुभव आहे.

२. काठी. हिचा खुलासा करावा लागेल. यजमान कामाला होते तो कारखानाही बंद पडला, ते त्याची हाय खाऊन गेले, आणि मी ट्रंक घेऊन माहेरी सख्खा भाऊ नवसू याच्या दारात उभी राहिले. तो म्हणाला, "बाय, आमालाच जागा नाय गो. तुला कुठं ठेवू?" घरात दोन खोल्या भातानेच भरल्या होत्या. मग गावकी बसली. गुरे राखायची काठी घरोघर फिरते, ज्याच्या दारात काठी त्याची पाळी. तशीच माझी काठी ठरली. आठ दिवस एका पडवीत, आठ दिवस पुढच्या. जेवण त्या घरचे, काम त्या घरचे. लावणीच्या दिवसांत "काठी आमच्याकडं आणा" म्हणून भांडणे व्हायची. तांदूळ संपत आले की काठी माझ्या आधीच पुढच्या दारात पोचलेली असायची. गावकीने माणुसकी दाखवली, असे अजून भाषणात सांगतात. दाखवली खरी. मी ती कुत्र्याशेजारी झोपून बघितली.

ती काठी नवसूला द्यावी. त्याने जमीन बंगलेवाल्यांना विकली, पैसा मुलाच्या, शेखरच्या, लग्नात आणि गाडीत गेला, शेखरची गोदामातली नोकरी सुटली. राहते घरही विकलेल्या जागेतच, ते होळीपर्यंत रिकामे करायचे आहे. हल्ली नवसू मला भेटायला येतो आणि माझ्याऐवजी पत्रे बघतो. आयत्या बिळावर नागोबा व्हायचे त्याने ठरवलेलेच आहे. गावकीने त्याचीही पाळी लावावी. माझ्या पडवीपासून सुरुवात नको, माधुरीला त्रास होईल. मला याचे वाईट वाटत नाही. बरे वाटते.

३. चेपलेली जर्मनची ताटली नवसूची बायको अनिता हिला. माझी काठी त्यांच्या दारात आली की ती हिच्यातच वाढून चपलांजवळ ठेवायची. दुसरे भांडे तिने मागू नये.

४. दहाव्याला कावळा शिवला नाही, तर "बाय, तुझी इच्छा पुरी करीन" असे नवसूने म्हणू नये. माझी इच्छा वर लिहिली आहे. कावळ्याला उपाशी ठेवावे.

५. साक्षीदार. वडील वारल्यावर नवसूने मला मुरबाडला नेले, भजी खाऊ घातली आणि एक कागद पुढे सरकवला. मी विचारले, "काय लिवलंय रे?" म्हणाला, "काय नाय गो, सातबाऱ्याचं हाय. भावावर भरवसा नाय का?" मी सही केली. वडिलांच्या जमिनीवरचा माझा हक्क त्या सहीने सुटला, हे मला ट्रंक घेऊन दारात उभी असताना कळले.

आज मी त्याला मुरबाडला बोलावले आहे. वकील म्हणतात, साक्षीदाराने माझी सही होताना बघायची असते, मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. त्याने वाचायला मागितले तर जरूर द्यावे, आणि मग हे सगळे फाडून टाकून घर त्याच्या नावे लिहावे, असे मी वकिलांना सांगितले आहे.

ठिकाण : मुरबाड
दिनांक : १० फेब्रुवारी २०२५

लिहून देणार : सकुबाई हरी देसले (सही)

साक्षीदार :
१. वाल्मिक तुकाराम घुडे, करंजवाडी (सही)
२. नवसू बाळू विशे, करंजवाडी, लिहून देणारीचा सख्खा भाऊ (सही)