झाकण तुझ्या टेबलावर होतं

प्रिय टाचणी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी ते बाजूला ठेवशील, चहा करशील, मग चष्मा शोधशील आणि मगच उघडशील. चालेल, मला घाई नाही. म्हणजे आहे, पण ते पुढे सांगते. सिस्टरांच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेव्हापासून तू माझं मराठी सुधारत आलीस, तेव्हा याही पत्रातल्या चुका मनातल्या मनात सुधारच. नऊ वर्षांत वाढदिवसाच्या दोन ओळींपलीकडे मी तुला काही लिहिलं नाही, आणि आज रविवारच्या दुपारी चार पानं घेऊन बसले ती कशासाठी, तर फाइल सर्व्हरसाठी. हस खुशाल.

ऑफिस अजून तेच आहे, खाली शिंप्याचं दुकान, वर आपलं खोक्या-लेबलांचं डिझाइन. टेबलं चार. तुझ्या कोपऱ्यात आता नमुन्याच्या खोक्यांचा ढीग आहे, तिथे कुणी बसत नाही. सगळ्या फाइल्स अजून माझ्याच कॉम्प्युटरवर असतात आणि बाकीचे तिघे तिथूनच उघडतात. मी मशीन बंद करून चालू केलं की सगळे हाताची घडी घालून बसतात, जसा काही वर्ग सुटायचाय. गेल्या महिन्यात त्याच्या पोटातून किरकिर ऐकू यायला लागली आणि मग दोन दिवस ते उठलंच नाही. डिस्क कशीबशी वाचली. तेव्हा सगळ्यांनी मला धरलं, की आता बाई, फाइल्सना स्वतंत्र घर करा.

त्यासाठी एक गृहस्थ येतात. आधी टेलिफोन खात्यात होते, निवृत्त झाल्यावर ऑफिसांच्या वायरी जोडून देतात. बोलतात हळू, पण यंत्राबद्दल असं बोलतात जसं काही घरातलं खाष्ट माणूस आहे. "याला वरून दाबलेलं आवडत नाही," म्हणे. त्यांनी माझ्यापुढे तीन वाटा ठेवल्या. एक, जाड शब्दकोशाएवढा डबा, आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच. दुसरी, मोठा सर्व्हर, त्याला थंडावा हवा आणि अधूनमधून बघणारा माणूस हवा. तिसरी, आपल्याकडे काहीच ठेवायचं नाही, इंटरनेटवर जागा भाड्याने घ्यायची. ज्या दिवशी जे ऐकलं त्या दिवशी मला तेच पटलं. आमचे हे म्हणाले, "चपला घेतानासुद्धा तू दुकानदाराला एवढं रडवलं नव्हतंस."

माझा गोंधळ खरा होता गं. दोन डिस्क म्हटल्यावर मला वाटलं, झालं, एकीवर चूक झाली तर दुसरी आहेच. तर ते म्हणाले, "ताई, तो आरसा आहे. डिस्क मेली तर तो वाचवेल, पण तुम्ही चुकलात तर आरशातही तीच चूक दिसणार." मी म्हटलं, मग उपयोग काय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गणिताच्या सिस्टर माझ्याकडे बघायच्या. भाड्याच्या जागेचं म्हणशील तर आपले फोटो इतके जड, की सकाळी पाठवायला लावलेली फाइल संध्याकाळच्या चहापर्यंत रेंगाळते. मोठ्या सर्व्हरला ठेवू कुठे? राहता राहिला डबा. पण तोही दोन प्रकारचा निघाला. एक साधा. दुसरा दर तासाला जुनी प्रत बाजूला काढून ठेवतो, आणि कुठली फाइल कुणी, कधी सेव्ह केली याची नोंद करतो. तिघांनीही एका सुरात दुसऱ्याला मत दिलं. मी म्हटलं, साधा पुरे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, त्यापेक्षा भाड्याची जागा बरी. तिसऱ्या दिवशी म्हटलं, पाहू पुढच्या महिन्यात. अक्षरजुळणी करते ती मुलगी दुसरीच्या कानात म्हणाली, "मॅडमचं टाळकं फिरलंय." मला ऐकू आलं. मी रागावले नाही, कारण तिचं फारसं चुकलं नव्हतं.

तुला आठवतं ना, आपल्याकडे कसं चालायचं? पोस्टर रंगाच्या बाटलीचं लाल झाकण, ही तुझीच युक्ती. ज्याच्या टेबलावर झाकण, त्याच्या हातात फाइल, बाकीच्यांनी ती उघडायची नाही. दिवसभर आरडाओरडा, झाकण कुणाकडे आहे, झाकण कोण घेऊन बसलंय. खालचे शिंपी एकदा वर येऊन विचारून गेले, की बायांनो, तुमची बरणी तरी केवढी मोठी आहे. आपण इतक्या हसलो होतो, की तुला उचकी लागली. दोन बायकांनी काढलेलं ऑफिस तू होतीस तोवर अकरा वर्षं एका झाकणावर चाललं. झाकण अजूनही फिरतंच, पण नवा डबा आला की त्याची गरज उरणार नाही.

गेल्या गुरुवारी ते गृहस्थ साधा डबा दाखवायला घेऊन आले. त्यांनी एक फाइल दोन मशीनवर उघडली. एकावर एक शब्द बदलला, सेव्ह केला. मग दुसऱ्या मशीनवर मला बसवलं आणि म्हणाले, आता तुम्ही सेव्ह करा. पडद्यावर चौकट आली. तुम्ही उघडल्यानंतर ही फाइल बदललेली आहे, तरीही तिच्यावर सेव्ह करायचं का? ते सगळ्यांना सांगत होते, "इथे माणसं न वाचता 'हो' दाबतात आणि दुसऱ्याचं काम गिळून टाकतात." मी डोकं दुखतंय असं सांगून घरी आले.

त्याआधी चारच दिवस मला चष्म्याच्या दुकानात तुझी धाकटी बहीण भेटली होती. तुझी चौकशी केली तर म्हणाली, ताई बरी आहे, पण बाहेर पडताना कुलपाचा फोटो काढते, गॅसच्या बटणाचा फोटो काढते, आणि रस्त्यात थांबून ते फोटो बघते. आणि म्हणाली, एका प्रकाशकांनी तिला पाठ्यपुस्तकं तपासायचं काम देऊ केलंय, महिनाअखेर उत्तर द्यायचंय, पण ती नको म्हणणार आहे. का, तर माझ्या हातून सुटतं, मी विसरते. बहीण हसत सांगत होती. मला नवीन चष्म्यातूनही तिचा चेहरा नीट दिसेना.

टाचणी, त्या औषधाच्या खोक्याच्या दिवशी झाकण तुझ्या टेबलावर होतं. लहान मुलांचं सिरप, दीड चमच्याचा अर्धा चमचा करायचा होता. तू दुपारी तुझ्या आईंना डॉक्टरकडे न्यायला लवकर निघालीस. मी सकाळपासून तीच फाइल माझ्या मशीनवर उघडून बसले होते. कडेची निळी पट्टी मला फिकट वाटत होती, एका पट्टीसाठी झाकण काय मागायचं, ऑफिस माझंही आहेच की. संध्याकाळी मी सेव्ह केलं आणि छापायला पाठवलं. नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मला काही माहीत नव्हतं. पण ती चौकट तेव्हाही आली होती. मी ती वाचली होती. वाटलं, यंत्र काहीतरी कुरकुरतंय, आणि 'हो' दाबलं. खोक्यांवर दीड चमचाच छापून आला. कंपनीने खोकी वेळेत अडवली, कुठल्या लेकराच्या पोटात काही गेलं नाही, पण कंपनीचे साहेब आपल्या ऑफिसात उभे राहून विचारत होते, फाइल कुणाकडे होती. सगळ्यांनी झाकणाकडे बोट केलं. तू म्हणालीस, "मी सेव्ह केलं होतं." मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "बहुतेक." आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, होतं असं, आईंच्या आजारपणाने तू थकली आहेस. तेवढ्यावर ऑफिस वाचलं, आणि दोन महिन्यांनी तू ऑफिस सोडून गेलीस. तो हात मी का ठेवला, भीतीने की खरंच मायेने, हे मला अजून उलगडलेलं नाही.

सर्व्हरचं मी काल ठरवलं. नोंद ठेवणाराच डबा सांगितला, उद्या तो बसेल, आणि तो का हवा हे उद्याच सगळ्यांना सांगणार आहे. तेव्हा सल्ला मागायला हे लिहिलेलं नाही. तू बदल केला होतास आणि सेव्हही केला होतास. केला नसतास, तर यंत्राने मला विचारलंच नसतं. तुझ्या हातून काही सुटलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि मला वाटतं, त्यानंतरही नाही. सोबत ऑफिसच्या कागदावर हेच थोडक्यात लिहून, सही आणि शिक्का मारून जोडलं आहे. प्रकाशकांना दाखव, बहिणीला दाखव, वाटेल त्याला दाखव. ते वाचून तुला माझं तोंड बघू नये असं वाटलं, तर मी काही म्हणणार नाही. फक्त प्रकाशकांना उत्तर देण्याआधी एकदा वाच.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
ढब्बू