रिकामं कपाट

प्रिय करिश्मा,

दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं पत्र आहे, अक्षरं काटक्यांसारखी पडतील. हसू नको. फोनवर मले फक्त ओरडता येते, अन् हे ओरडून सांगायचं नाई.

इथी सारं बरं आहे. काळी कोंबडी अंड्यांवर बसली, जवळ गेलं का टोचते. तुह्या काकाचा मिथुन दिवसातून चारदा आरशासमोर उभा राह्यते. सव्वीसचा झाला, शर्टाची बटनं अजून खालीवर लावते.

मंगळवारी मी तुह्यावर रागावली. रिसॉर्टाच्या आफिसातून काढून सायबानं तुले चादरी धुवायले लावलं, हे ऐकून माहं डोस्कं फिरलं. म्हटलं, एक कागद द्यायले हात तुटले होते का? मग तू सांगितलं. उन्हाळ्यात मालकानं साऱ्या कामवाल्यांचं रक्त तपासून घेतलं, सिकलसेल, तो मायबापाकडून येणारा रक्ताचा आजार, आहे का पाहायले. तपासणीचे कागद आफिसात तुह्या ताब्यातल्या कपाटात. एका पोरीच्या लग्नाची बोलणी निघाली, तर पोराकडचा माणूस तिचा कागद पाहायले थेट सायबाकडं आला. सायब म्हणे, "गावखेड्याची माणसं हायेत, दाखवून टाक." तू म्हणाली, "रक्त तिचं, कागद तिचा. तिलेच विचारा." सायबानं चावी मागितली. तू एक दिवस मागून घेतला, अन् त्या दिवसात एकोणचाळीस माणसांचे कागद पाकिटात घालून ज्याचे त्याच्या हातात दिले. मग रिकाम्या कपाटाची चावी सायबाच्या टेबलावर ठेवली.

मी तीनदा विचारलं, पोरगी कोण? तू म्हणे, "आजी, जेवली का तू?" लहानपणी कोणाच्या चुलीवर काय शिजते तेही सांगत फिरणारी पोर, अन् मलेच नाव सांगेना!

मागं मोहफुलं वेचताना वाघ समोर आला होता, आठवते? साऱ्या बाया गार पडल्या, मी त्याले शिव्या देत होती. वाघापुढं न हटलेली मी, मंगळवारी "जेवली" म्हणून फोन ठेवून मोकळी झाली.

तुह्या सीताआत्याचं तुले कोणी धड सांगितलं नाई. हाडं दुखतात म्हणून लोळायची. मी तेल चोळायची, अन् वरून म्हणायची, नखरे करते. नवव्या वर्षी गेली. गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं माहं अन् तुह्या आज्याचं रक्त पाहिलं. आधी उठून दार लावलं, मग सांगितलं, हे सिकलसेल दोघांच्या रक्तातून आलं. गावात मी म्हटलं, तापानं गेली. तीच बाई पुढं दोनदा गावात आली, साऱ्यांसमोर मले एवढंच म्हणाली, "कशा आहात सोमारीबाई?" तिनं एक शब्द बाहेर काढला असता तर माह्या पोरांच्या सोयरिकी अडल्या असत्या. तीस वर्षं मी मान वर करून भांडली, ती त्या लावलेल्या दारामुळं.

आता बसून वाच. आफिसात आला तो डोमा, माह्या माहेरकडचा. त्याले मी पाठवलं होतं. पोरगी तुमच्या किचनमधली रश्मी, मिथुनले आवडली ती. कागद तुह्याजवळ असतील हे मले माहीत नव्हतं, वाटलं सायब परस्पर सांगून टाकेल. तुले नाव विचारत होती तेव्हा ते माह्याच तोंडात होतं. तू सांगते का, पाहत होती. तू तिचं नाव माह्यापासूनही राखलं. अन् मी? घरातलं लपवून दुसऱ्याच्या लेकीचं रक्त उघडायले निघाली. मिथुनचं तर कधी तपासलंच नाई! उद्या त्याले दवाखान्यात नेते. त्याचा कागद आला का तो घेऊन रश्मीच्या घरी जाते. आधी आपला ठेवीन, सीताचं सांगीन, डोमाले पाठवल्याचंही सांगीन. तिचा दाखवायचा का नाई, तिची मर्जी. सोयरीक मोडली तरी मोडो. मग तुह्या सायबासमोर येऊन उभी राह्यते. तो तुले आफिसात घेईल का नाई माहीत नाई, पण ज्या माणसासाठी तुले चादरी धुवायले लावलं, त्याले धाडणारी बुढी त्यानं पाहून तरी घ्यावी.

हे पाकीट भाताच्या शितानं चिकटवलं. ते तुले आणून देणाऱ्या खुशालनं विचारलं, "आजी, एवढं काय लिहिलं?" म्हटलं, "ज्याचं त्याले."

तुझीच,
सोमारी आजी