दारांचा कागद

कोरिया स्थापनेचे वर्ष ४२५२, तिसरा महिना,
बाजारच्या दिवशी सकाळी

चि. ग्युसोक यास,
थोरल्या भावाचे आशीर्वाद. तुमच्या ठाण्यात भिंतीवर जपानी राजाचं वर्ष टांगलेलं असतं. ते मी लिहीत नाही. वरचं वर्ष बरोबर आहे, खात्री करून घे.

आम्ही सगळे खुशाल. आईचा खोकला मात्र वाढलाय, कारण घरात वारा येतो. वारा येतो, कारण दारांच्या चौकटींवर चिकटवलेला कागद आम्ही काढून घेतलाय. कागद बनवणाऱ्याच्या घरची दारं उघडी, म्हणून गल्ली हसते. हसू दे. त्यांच्याही दारांना उरलेला नाही.

तू शिपाई आहेस, तेव्हा तो कशाला लागला ते तुला कळलं असेलच. आम्ही त्याची देशाची निशाणं केली. निशाणावर बंदी येऊन नऊ वर्षं झाली. मधलं लाल-निळं वर्तुळ सगळ्यांना आठवतं, पण कोपऱ्यांतल्या रेघांवरून भांडणं. वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन अखंड रेघा हव्यात. शेजारच्या प्यो काकूंनी त्या खाली काढल्या. मी म्हणालो, "काकू, हे उलटं झालं."

"मग बरोबर कसं ते ठाण्यात विचारून या. बंदी घालायची म्हणून त्यांनी तरी नीट पाहिलं असेल!"

पाठशाळेचे गुरुजी म्हणाले, "म्योंगहान, लोकांना कळलं म्हणजे झालं."

मी कुठल्या पाठशाळेत गेलो नाही. लगद्यात टाकायला आलेली रद्दी वाचून अक्षरं शिकलो, त्यामुळे 'कळलं म्हणजे झालं' मला चालत नाही. सगळी निशाणं पुन्हा काढा म्हणून मी हटून बसलो, तेव्हा आई ओरडली, "ज्याला जसं आठवलं तसं त्यानं काढलं. विसरले नाहीत, हे काय कमी आहे? आता दारांना कागद उरलाय का दुसरा?"

नव्हता. तसंच राहू दिलं. माझं मात्र बरोबर आहे.

राजधानीत वाचलेला जाहीरनामा आपल्याकडे पोचलाय. मी तो तीनदा वाचला. त्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. देश स्वतंत्र आहे, एवढं जगाला कळवलंय. आज बाजारात तो मोठ्यानं वाचायचा आहे. गुरुजींचा आवाज बसलाय, असं ते म्हणतात. तेव्हा मी वाचणार आहे.

टोफूवाली ठाण्याच्या स्वयंपाकघरात येईल, तेव्हा हे पत्र तुला मिळेल. तोवर आम्ही निघालेलो असू. जाऊन साहेबाला सांगायचं तर सांग. घोषणा कुणी लपून करत नाही.

बाजाराच्या तोंडाशी तुमची तुकडी उभी करणार, हे ऐकलंय. तू त्यात आहेस, हेही. पलीकडच्या गावात काय झालं, ते मी लिहीत नाही. तू तिथं होतास की नाही, हे मी विचारलेलं नाही, आईनंही नाही.

तिला घरी थांब म्हणून सांगून पाहिलं. "पहिल्या रांगेत गोळी लागते, आई."

"पहिल्या रांगेतून दिसतं पण नीट. दोन वर्षं झाली, पोराचं तोंड पाहिलं नाही."

"तो बंदूक घेऊन असेल."

"असू दे की! हात मोकळे असले तरी कधी मिठी मारलीय त्यानं?"

आपले महाराज वारले, त्यांच्या सुतकाचा पांढरा पोशाख तिनं काल धुऊन वाळवला. आज केस विंचरून घेतले, प्यो काकूंकडून. तुला पाहिल्यावर 'तोलसे' म्हणून हाक मारणार आहे, तुझ्या साहेबासमोर, पाळण्यातल्या नावानं. मी म्हणालो, तो ओ देणार नाही. ती म्हणाली, "देईल. पोटचा आहे, बहिरा नाही."

मी तुला विनवत नाही, ग्युसोक. माझ्यासाठी तर मुळीच नाही. मी वाचत असेन. मध्ये काही झालं तर माझ्या मागचा माणूस पुढचं वाचेल, तसं ठरलंय. पण आईच्या हाकेला तिच्या दोन मुलांखेरीज दुसरं कुणी उत्तर देऊ शकत नाही, आणि माझे दोन्ही हात कागदात गुंतलेले असतील.

ढोल वाजतोय. निघतो.

तुझा थोरला भाऊ,
ओक म्योंगहान
स्वतंत्र कोरिया