भिकाच्या नावावरची साखर

वांगणी, ता. जव्हार
रविवार, ५ डिसेंबर १९९९

ति. उमेशदादा यास,

धाकट्या आतेभावाचा, म्हणजे रोहिदासचा, वाकून नमस्कार. इकडे मी, शीला आणि दोन्ही पोरं धडधाकट आहोत. नाशिकच्या थंडीत मामींचे गुडघे बोलायला लागले असतील, त्यांना शेकायला सांग. वहिनींचा खोकला थांबला का? मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, की खेड्यातल्या मास्तराला दिवसभर चार वर्ग सांभाळून आणखी कसला उद्योग असतो. तू दिवसभर लोकांचं रक्त तपासतोस, म्हणून तुला हे वाचायला बरं वाटेल. माझा यंदाचा उद्योग एका रक्तापासूनच सुरू झाला.

विद्यापीठ म्हणजे एक मोठं घर, आणि एका चुलीवर जेवणारी माणसं एकमेकांना ओळखत असणार, असा माझा समज होता. तो गेल्या जानेवारीत गेला. एकाच आठवड्यात एकाच विद्यापीठातून तीन जण तीन वेगळ्या जीपमधून वांगणीला आले, आणि त्यांची पहिली ओळख झाली ती माझ्या ओसरीवर. (त्यांनी एकमेकांना नाव छापलेली कार्डं दिली. आमच्या गाईने त्यातलं एक खाल्लं.) एक डॉक्टरबाई होत्या, त्यांना डोंगरातल्या माणसांच्या रक्तात साखर किती ते पाहायचं होतं. दुसरे वनस्पतिशास्त्राचे सर, त्यांना रानातले कंद हवे होते. तिसरा समाजशास्त्राचा तरुण मुलगा, त्याचा विषय स्थलांतर. गावाने तिघांची नावं त्याच दिवशी ठेवली: रक्तवाली बाई, पालावाला आणि प्रश्नवाला. तिघांनाही माझ्याकडे धाडण्यात आलं, कारण पुस्तकी मराठी आणि गावची बोली या दोन्ही येणारा माणूस इथे मी एकटाच. शिवाय चहाला साखर आणि दूध असलेलं घरही तेवढंच.

प्रश्नवाल्याची पंचाईत सर्वांत मोठी होती. कामाला बाहेर जाणाऱ्या लोकांना भेटायला तो आला जानेवारीत, आणि ते सगळे दिवाळी आटोपताच भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले. गावात उरली होती म्हातारी माणसं, लहान पोरं आणि कोंबड्या. त्याच्याजवळ चौसष्ट प्रश्नांची वही होती. पहिलाच प्रश्न ‘आपण गाव का सोडले?’ तो त्याने अठ्ठावीस म्हाताऱ्यांना विचारला, आणि आपण इथेच बसलो असताना हा असं का विचारतो, हे त्यांना मी समजावत बसलो. पालावाल्या सरांना कंद दाखवणारी एकच बाई भेटली, कोंडी. ही दरसाल वीटभट्टीवर जाणाऱ्या आमच्या भिकाची आई. जडीबुटीची माहिती गावात तिलाच. (तिचं वय एका प्रबंधात अठ्ठावन्न, एकात पासष्ट आणि एकात बहात्तर आहे. ज्याने जेवढं विचारलं तेवढं तिने कबूल केलं.) सरांना तिने तीन दिवस तीन दिशांना फिरवलं आणि भाजीचे कंद सगळे दाखवले, औषधाचा एकही नाही. जाताना मला म्हणाली, औषध बघायचं तर आधी आजारी पडून यावं.

आता डॉक्टरबाईंकडे येतो. त्यांनी मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून चाळीस नावं काढली होती. यादीतलीच माणसं हवीत, दुसरं कोणी चालत नाही, असा त्यांच्या प्रोफेसरांचा नियम. माणसं जमवण्याचं काम अर्थात माझं. कोणाला शेजारच्या पाड्यावरून आणलं, काही जण भट्टीवरून लग्नाला आले होते त्यांना गाठलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी एकोणचाळीस झाले. चाळिसावं नाव भिकाचं, आणि भिका भिवंडीला. पुन्हा यायला जीप मिळणार नाही, हे बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या आत बर्फाची पेटी लावत होत्या. बाहेर रक्त काढायला बसलेला त्यांचा माणूस मला ओळखत नव्हता. त्याने यादीतून भिकाचं नाव पुकारलं आणि मी हात पुढे केला. दादा, तोंडाने मी खोटं बोललो नाही. कागदावर अंगठा उठवला तोही माझाच. रांगेत मागे दोन-चार म्हाताऱ्या उभ्या होत्या, त्यांना त्यातलं काय कळणार? परोपकार केल्यासारखं वाटून मी घरी आलो आणि दोन वेळा चहा घेतला.

होळीला भिका बायको-पोरांसह गावी आला आणि त्याच आठवड्यात टपालाने चाळीस रिपोर्ट आले. एकोणचाळीस ठीक होते. भिकाची साखर उपाशीपोटी दोनशे चाळीस. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून वाचून दाखवायला मीच. गाव जमलेलं, भिका पुढे बसलेला. त्या वेळी खरं सांगायला हवं होतं हे मला आज कळतं, त्या वेळीही कळत होतं. पण मी शब्दाला शब्द भाषांतर करून मोकळा झालो. भिका म्हणाला, “गुरजी, आमचे घरात साखर येत नाय, माझे आंगात कुठून आली?”

पुढच्या गोष्टी माझ्या हाताबाहेर गेल्या. कोंडीने लेकाचा ताबा घेतला. ताडी बंद, लग्नातलं गोड बंद, आणि रोज सकाळी कुठल्याशा कडू कंदाचा काढा. आजारी माणसाला मान असतो. भिकाला तो आयुष्यात पहिल्यांदा मिळाला. लोक उठून जागा देऊ लागले. दीड महिन्याने मी त्याला जव्हारला नेऊन रक्त तपासून आणलं. (वाटलं, निदान एवढं तरी करावं. ते कसं निघणार हे मला ठाऊकच होतं.) साखर ब्याण्णव. गावाने कोंडीला हात जोडले.

ही बातमी पालावाल्या सरांपर्यंत कशी पोचली ते कळलं नाही, पण मे महिन्यात ते वाटेत शिरपामाळचा देखावा पाहायला जीप न थांबवता थेट आले, म्हणजे घाईत होते. दोनशे चाळीसचा कागद आणि ब्याण्णवचा कागद शेजारी ठेवून त्यांनी फोटो काढला. कोंडीने या वेळी कंद दाखवला. सरांनी तो पोतंभर नेला आणि दीड महिन्यात साखर उतरवणारी वनस्पती म्हणून त्यावर लिहायला घेतलं. मग गेल्या महिन्यात, दिवाळीनंतर, प्रश्नवाला आला. या वेळी तो शहाणा होऊन माणसं निघायच्या आत आला होता. सगळं गाव बोचकी बांधत होतं आणि भिकाच्या घरात मात्र भात शिजत होता. त्याने कारण विचारलं. कोंडी म्हणाली, दुखणाईत पोराला भट्टीच्या धगीत धाडणार नाही, इथेच रोजगार हमीच्या बांधावर जाईल. त्याने चौसष्ट प्रश्न बाजूला ठेवून नवं पान उघडलं: आरोग्य तपासणीमुळे स्थलांतर थांबते. अशा रीतीने वैद्यक, वनस्पतिशास्त्र आणि समाजशास्त्र ही तिन्ही शास्त्रं यंदा एका माणसाच्या दंडावर उभी आहेत, आणि तो दंड भिकाचा नाही.

आता विद्यापीठाचं पत्र आलं आहे. येत्या वीस तारखेला तिथे सगळ्या शाखांचं संमेलन आहे. कोंडी आणि भिकाला व्यासपीठावर बसवणार आहेत आणि त्यांचं बोलणं मराठीत सांगायला मी. भिकाने शर्ट शिवायला टाकला. तेव्हा मात्र मी कागद-लेखणी घेऊन बसलो. मी आधी डॉक्टरबाईंना पत्र लिहिलं, की चाळिसावं रक्त भिकाचं नव्हतं, दुसऱ्या एका व्यक्तीचं होतं. त्यांचं उत्तर चार ओळींचं आहे. प्रामाणिकपणाबद्दल आभार, प्रबंध सादर झाला आहे, चाळिसांत एकाने सरासरी फारशी हलत नाही, मात्र त्या व्यक्तीने विनाविलंब तपासणी करून घ्यावी. (त्या व्यक्तीपर्यंत निरोप पोचला आहे.)

मग मी बांधावर जाऊन भिकाला गाठलं. तो माती टाकत होता. मी सगळं सांगितलं, रांगेपासून रिपोर्टपर्यंत. त्याने फावडं टेकवलं, तंबाखू मळली आणि विचारलं, “म्हंजे माना काय झाला नाय?” (इकडे ‘मला’ला ‘माना’ म्हणतात.)

“काही नाही.”

“बरा झाला.” त्याने तंबाखू तोंडात टाकली. मला वाटलं आता चिडेल, आणि चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “गुरजी, आयला सांगू नको. तिला कळला तर ती माना भट्टीवर धाडंल. यंदा पोशी साळंत हाय. परवा जव्हारला एसटीची पाटी वाचून तिनीच आमाला बरोबर गाडीत बसवला.”

पोशी त्याची मुलगी, माझ्याकडे तिसरीत आहे. गेली दोन वर्षं तिचं नाव दिवाळीपर्यंत हजेरीत असायचं, पुढे सगळ्या रकान्यांत गैरहजर. यंदा डिसेंबर उजाडला तरी ती पहिल्या रांगेत बसते आणि मी चुकलो की सांगते. दादा, मी बारा वर्षं घरोघरी फिरून, सभा घेऊन, साहेबांना अर्ज करून जे जमवू शकलो नाही, ते एका खोट्या अंगठ्याने झालं. यावर अभिमान वाटावा की लाज, हे मी अजून ठरवलेलं नाही. दोन्ही थोडं थोडं वाटून घेतो.

प्रश्नवाल्याला मी काही कळवणार नाही. त्याचं लिहिणं खोटं नाही. भिका त्या कागदामुळेच घरी राहिला, कागद कोणाचा का असेना. पालावाल्या सरांचं वेगळं आहे. त्यांच्या लिहिण्यावर विसंबून उद्या कोणी गोळ्या सोडून कंद उकळत बसलं तर ते पाप माझ्या माथी. म्हणून त्यांना सविस्तर पत्र लिहिलं आहे आणि ते याच टपालाने जात आहे. भिका-कोंडीचं नाव संमेलनातून वगळलं गेलं तर भिकाला नवा शर्ट शाळेच्या स्नेहसंमेलनात घालायला सांगेन. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रोहिदास

ता. क. – नाशिकला माझं एक किरकोळ काम आहे, म्हणून पुढच्या रविवारी येईन म्हणतो. तू त्या दिवशी प्रयोगशाळेत असशील का? तिथे जाताजाता माझं रक्त पाहून घेतलंस तर बरं. त्या जानेवारीनंतर मी कुठे तपासलेलं नाही. रोज उद्या उद्या करत अकरा महिने गेले. मध्ये मी स्वतःशी असा वाद घातला, की सकाळी चोरून चहा घेऊन गेलो होतो म्हणून दोनशे चाळीस आली. पण हल्ली शाळेतला अर्धा माठ मी एकटाच संपवतो, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली आहेत, आणि पायाच्या अंगठ्याला श्रावणात ठेच लागली ती अजून ओली आहे. मुलांना वाटतं गुरुजी बारीक होऊन तरुण दिसतात.

आणखी एक – हे वहिनींना सांगू नकोस. त्या शीलाला लिहितील, आणि तिला उगाच घोर लागेल. तिला यातलं काही माहीत नाही.

उमेशभाऊजींना शीलाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून उरलेल्या जागेत लिहिते. मला होळीपासून माहीत आहे. रक्त घेतलं त्या दिवशी कोंडीआजी रांगेत यांच्या मागेच उभी होती. लेकाचं नाव पुकारलं आणि हात गुरुजींनी दिला, हे तिने पाहिलं होतं. रिपोर्ट वाचला त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “गुरजीचे साखरेनी माझा पोरगा घरी राहील तर राहू दे. तू तुझे माणसाला सांभाळ.” भिकाला ती देते तो साधा कुड्याच्या सालीचा काढा आहे. खरा कंद ती मला आणून देते आणि मी तो यांच्या भाजीत घालते. पालावाल्या सरांना तिने कुठला दिला, ते तिने मलाही सांगितलेलं नाही. पण यांच्या पायाची जखम पाहून आता माझा कंदावर भरवसा राहिला नाही, आणि तिचाही नाही. हे एकटे यायचे म्हणतात, ते वाटेतल्या मोखाड्यापर्यंत जाऊन परत फिरतील. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मीच यांना घेऊन जव्हारहून नाशिकच्या गाडीत बसते. मुलं दोन दिवस कोंडीआजीकडे राहतील. रविवारी यांना उपाशीपोटी आणायचं की जेवू घालून, एवढं उलट टपाली माझ्या नावावर कळवा.