समितीची खोली

आई,

आमच्या कॉलेजात एक समावेशन समिती आहे आणि मी तिची सदस्य आहे. कुणाला परकं वाटू द्यायचं नाही, सगळ्यांना सामावून घ्यायचं, हे आमचं काम. वाघोलीच्या या कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा मीच हौसेनं हात वर केला. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, हे काम माझ्याइतकं कुणाला कळणार, असं वाटलं होतं. आता दर सभेनंतर माझं डोकं दुखतं.

दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे, व्हीलचेअर वापरते. तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट दिवाळीपासून बंद. तळमजल्यावर एकच मोठी खोली, ती समितीला मिळाली आहे. आत सोफा, एसी, भिंतीवर रंगीबेरंगी हातांचं चित्र. पाहुणे आले की उघडते, एरवी कुलूप. मुलगी पार्किंगजवळ बसून मैत्रिणींनी पाठवलेले फळ्याचे फोटो उतरवून घेत असते. गेल्या आठवड्यात सभेत ठरलं, तिचा सत्कार करायचा. सभागृह पहिल्या मजल्यावर. "चार मुलं खुर्चीसकट उचलतील," विभागप्रमुख म्हणाले, "फोटोही छान येईल." मी तिला सांगायला गेले, तर शांतपणे म्हणाली, "मॅडम, सत्कार राहू द्या. मला वर्गात बसायचंय. पप्पा म्हणतायत, नाहीतर कॉलेज सोड आणि बाहेरून परीक्षा दे."

मग मी सभेत म्हटलं, तिचा वर्ग समितीच्या खोलीत भरवू.

"अहो मॅडम, मग समिती कुठे बसणार?"

"दुसऱ्या मजल्यावर. आपल्या सगळ्यांना जिना चढता येतो."

विभागप्रमुख सर चष्मा पुसत म्हणाले, "आपण कंत्राटी आहात ना? उत्साह जरा जपून वापरा."

तेव्हा मला कर्वेनगरची ती सोसायटी आठवली, जिथे तू पोळ्या करायचीस. लिफ्टपाशी पाटी होती, कामवाल्यांनी जिना वापरावा. मी दहा वर्षांची असेन. मी बटण दाबते, तू माझा हात ओढतेस आणि कठड्याला धरून चार मजले चढतेस, प्रत्येक वळणावर थांबत. वर काकू मला त्यांच्या मुलीची जुनी कंपासपेटी देतात, गरम पोळीवर गूळ घालून देतात. मी खाता खाता विचारते, "काकू, आईचे गुडघे दुखतात. आम्ही लिफ्टनं आलो तर चालेल?" काकू म्हणतात, "अगं, माझं काहीच नाही गं. सोसायटीचा नियम आहे ना." तू तव्यावरून मान वर करत नाहीस. खाली उतरल्यावर मात्र दंड धरून सांगतेस, "तोंड आवर. हाय ते काम जाईल."

मला त्याचा अजून राग येतो. काकूंपेक्षा तुझा जास्त. काकू वाईट नव्हत्या, आमचे सरही वाईट नाहीत. मुलीबद्दल बोलताना त्यांचा आवाज खरोखर भरून येतो. फक्त खोलीचा विषय काढला की त्यांना नियम आठवतात. या भल्या माणसांशी भांडायचं तरी कसं, हे तू मला शिकवायला हवं होतंस. तू गप्प राहायला शिकवलंस.

आज सकाळी मी शिपाईकाकांकडून किल्ली घेतली. मुलांनी सोफा बाहेर काढला, बाकं आत आणली. ती मुलगी पुढे बसेल असं मला वाटलं होतं. ती सगळ्यात मागे गेली आणि तासभर मैत्रिणीच्या कानाला लागली. मला तिला दोनदा दटावावं लागलं. उद्या मला खुलासा द्यायला बोलावलं आहे. नोकरी राहील की नाही माहीत नाही. वर्ग खालीच राहावा, एवढं मात्र मी त्यांच्याकडून लिहून घेणार आहे.

तू बारा वर्षांपूर्वी गेलीस, हे पत्र कुठे पाठवणार मी. पण एक कबूल करते. तू असतीस तर काल मी तुला विचारलं असतं, तू नको म्हणाली असतीस, आणि मी किल्ली मागायला गेलेच नसते.