आडोशाला लावलेली गाडी

उत्तर अल्बर्टा, ४ मे

सौ. सेलिनाताईस,
गार्लंडचा सा. न. वि. वि. फोनवर तू नुसती ओरडतेस, म्हणून पत्र.

नवं काम लागलं. यंदाचं चौथं, हसू नकोस. तेल-वायूच्या विहिरींतून किती वायू हवेत गळतो, तो देशाचा आकडा सरकार दरवर्षी जगाला कळवतं. आकडा विहिरीवाल्यांच्या सांगण्यावरचा. तो खरा का, हे बघायला ओक्सानाबाई विहिरींपाशी हवा मोजत फिरतात. गाडी माझ्याकडे. टपावरची नळी हवा हुंगते, बाई मागे बिनखिडकीच्या खोपटात यंत्रात डोकं घालून. इथला वारा चावरा, पण मी पडलो कोळ्याचा पोरगा. शेड दिसली की तिच्या आडोशाला गाडी लावतो. कॉफी सांडत नाही, आकडेही विहिरीवाल्यांच्या कागदाशी जुळताहेत. असंच चाललं तर सात जूनला तुझ्या बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मी हजर. नाहीतर तुझा दीर वेल्डन उभा राहील, आणि बाळ त्याच्यासारखं घोरेल.

लोभ ठेव, बेकॅपलच्या रानफळांचा जॅमही ठेव.
गार्लंड

रॅगेड कोव्ह, न्यूफाउंडलंड, १३ मे

चि. गार्लंडास आशीर्वाद आणि एक टप्पल.

पत्र आईला वाचून दाखवलं. हसता हसता ती थांबलीच. म्हणाली, बाबांनी याला आडोसा शिकवला तो होडीसाठी. कुणाच्या माच्यावर वाळत घातलेली मासळी कुजली ते हुंगायला कोणी शेडमागे जाऊन उभं राहतं का? गार्ल्या, तुझ्या नळीला वास लागणार कुठून?

बाईंना सांगितलंस तर सगळं पुन्हा मोजणार, सात जून हुकणार. वेल्डनने कोटसुद्धा घेतलाय. तरी सांग.

तुझीच, जीव खालीवर झालेली,
सेलिना

उत्तर अल्बर्टा, २४ मे

सौ. ताईस सा. न.

सांगितलं. बाईंनी यंत्रातून डोकं बाहेर काढलं. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस आपण शेडच मोजली, पोरा." आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला वाटलं, गेलं काम. तर म्हणाल्या, चल, चावी फिरव.

आता गाडी भर वाऱ्यात, कॉफी माझ्या मांडीवर. वायू निघतोय सांगितल्याच्या दुप्पट. बाई म्हणतात, देशाचा आकडा बदलावा लागणार. त्या नाचायच्याच बाकी आहेत. मीही नाचलो असतो, पण सुटी आता अठरा जूनला. वेल्डनला म्हणावं, बाळ नीट धर.

लोभ कमी करू नकोस.
गार्लंड

रॅगेड कोव्ह, ८ जून

चि. गार्लंडास आशीर्वाद.

काल चर्च भरलं. वेल्डन नव्या कोटात पहिल्या बाकावर. पाद्रीबुवांनी धर्मपित्याला पुढे बोलावलं, तो उठला, आणि आईने त्याचा कोट ओढून खाली बसवलं. म्हणाली, बाळाचा मामा तिकडे देशाचा आकडा दुरुस्त करतोय, तोवर बाळ थांबेल. केक मात्र थांबला नाही. पाद्रीबुवा कुरकुरले, दोन तुकडे खाल्ले आणि एकवीस तारीख दिली. जॅम वेल्डनने संपवला. त्याचं दुःख तेवढं तरी हलकं व्हायला हवं.

धक्क्यावर बाळाला घेऊन उभी राहीन. बोटीतून येताना कृपा करून आडोशाला बसू नकोस. लांबून दिसायला हवास.

वाट बघणारी,
सेलिनाताई