लसणाचा उपचार

नाशिक, रविवार

ती. चंद्रभागा वहिनींस,

हे पत्र मी आपणहून लिहीत नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात वळावा म्हणून हर्षालीने रोज एक पान लिहायला लावले आहे. (अक्षराला हसू नये. शाळेत असे अक्षर काढणाऱ्याला मी बाकावर उभे करत असे.) नमस्कार. गुडघ्याला तेल लावता की लेकाच्या, किशोरच्या घरीही टाळाटाळच?

हर्षाली ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट. देवळाली कॅम्पहून स्कूटीवर येते, मला घाबरत नाही. तिचे शास्त्र असे, की माणूस रोजच्या कामांनी घडतो. त्याला इच्छा लागते, सवय लागते, अंगात ताकद लागते आणि भोवतालची साथ लागते. म्हणून नुसता चेंडू दाबत बसायचे नाही, आवडीचे काम करायचे. सकाळी काय आवडायचे, असे तिने विचारले. मी पटकन सांगितले, लसूण सोलणे.

झाले! आठ दिवस माझ्यापुढे लसणाचा ढीग. तिने टेबल उंच केले, पाकळ्या भिजवल्या, बोटांची पकड तपासली. एक पाकळी निघेल तर शपथ. शेवटी म्हणाली, "मॅडम, डाव्या हाताने सोला बरं." तेही जमेना. "मॅडम, खरं सांगा, आयुष्यात कधी लसूण सोललाय?"

नव्हता सोलला. सोलायचात तुम्ही. मी समोर बसून पेपरातली निधनवार्ता मोठ्याने वाचायची, आणि तुम्ही मान न उचलता म्हणायचात, "लय चांगला होता हो." (ओळख नसली तरी.) मी म्हणायची, "वहिनी, पुरावा काय?" "गेला ना बिचारा, आता कशाला त्याची परीक्षा घेता?"

हर्षालीने हे सगळे फॉर्मवर उतरवले आणि म्हणाली, "हात सुधारतोय, मॅडम. भोवतालाचं मी काय करू?" मी तिला चहा दिला आणि विषय बदलला.

तुमची नणंद,
मंगला

ता. क. पेपर अजून येतो. मी मोठ्यानेच वाचते. वाचून झाल्यावर थोडी थांबते.

ता. क. दुसरा. दिवाळीत किशोरदेखत मी म्हणाले, "माझ्या घरात माझीच शिस्त चालेल," आणि तुम्ही त्याच्याबरोबर इगतपुरीला गेलात. मी आजारी पडले तेव्हा "कोणी येऊ नये" असा निरोपही मीच धाडला. दोन्ही वेळा चुकले. या. (एवढे डाव्या हाताने लिहिले आहे. हा व्यायाम नव्हे.)

हर्षाली गुरुवारी इगतपुरीला पेशंटकडे जाते. तिच्या हाती सुपूर्द: हे पत्र, घराची किल्ली एक, तुमच्या नावाची चिठ्ठी बांधून. परत घेतली जाणार नाही.